फैजपूरचा बांबू आणि आमच्या हाटातली पत्रावळ



फैजपूर काँग्रेसचा विषय निघाला की आपल्याकडचे जुने लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, झेंडा वर जाताना अडकला आणि शिरपूरकडचा एक जवान उंच खांबावर सरसर चढून तो मोकळा करून आला. दुसरी, नेहरूंना बैलांच्या रथातून आणलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ऐकायला अजून बऱ्या वाटतात. पण मला आज लिहायचंय ते त्या रथाला सजवलं कुणी, मंडप कशाचा होता, आणि त्या वेळी लोकांनी अंगावर काय घालायचं नि कुणाकडून घ्यायचं याचा जो हिशेब मांडला गेला, त्याबद्दल. मी कॉमर्सचा माणूस. भाषणापेक्षा पावती मला लवकर समजते.

नव्या पिढीसाठी थोडं भूगोलाचं. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता धरला की रावेर, सावदा आणि मग फैजपूर लागतं. पन्नासेक किलोमीटर. आज मध्ये राज्याची सीमा आहे, तेव्हाही होती: आपण मध्यप्रांत व वऱ्हाडच्या निमाड जिल्ह्यात, ते मुंबई इलाख्याच्या पूर्व खानदेशात. पण सोयरीक, केळी, कापूस आणि भाषा यांना ती सीमा कधी कळली नाही. धूलकोटसारख्या सातपुड्यातल्या गावातूनही लोक तिकडच्या बाजाराला जायचे.

डिसेंबर १९३६ च्या शेवटच्या आठवड्यात तिथं काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. तोवर मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ असा मोठ्या शहरांचाच मान. गांधीजींनी आग्रह धरला की शेतकऱ्यांची सभा शेतकऱ्यांच्या दारात भरवा. महाराष्ट्रातून शंकरराव देव, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने, खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी ही मंडळी राबली. साने गुरुजी तर खेडोपाडी पायी फिरले. पुढं दोनच महिन्यांत प्रांतिक निवडणुका होत्या, त्यामुळं खेड्यात जाण्यामागं मतांचा विचार नव्हता असं कुणी म्हणू नये. होताच. तरी तंबू ठोकून चार भाषणं केली असती तरी मतं मिळाली असती. त्यासाठी शांतिनिकेतनहून चित्रकार बोलवायची गरज नव्हती.

तो चित्रकार म्हणजे नंदलाल बोस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौ अधिवेशनाचं प्रदर्शन त्यांनी मांडलं होतं. फैजपूरला मात्र गांधीजींनी त्यांच्यावर अख्खी नगरीच टाकली. नंदबाबूंनी आढेवेढे घेतले, मी चित्रं काढणारा, इमारती उभारणारा नव्हे, असं म्हणाले. त्यावर, पट्टीचा पियानोवाला मला नकोच, मन लावून फिडल वाजवणारा पुरे, अशा आशयाचं गांधीजींनी त्यांना कळवलं. मग नंदबाबू आले, सोबतीला म्हात्रे नावाचे वास्तुकार होते. नंदबाबूंनी आधी भोवतालच्या भागात काय मिळतं ते पाहिलं. बांबू. गवत. तट्टे. टोपल्या. माती. दोर. बस्स, यातच सगळं. प्रवेशद्वारं बांबूची, कुडं तट्ट्याची, आणि हात इथल्याच कारागिरांचे. त्या वस्तीला टिळकनगर नाव दिलं होतं. २५ डिसेंबरला खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी या कामाचं श्रेय नंदबाबू आणि म्हात्रे यांना नाव घेऊन दिलं, आणि सगळं इथल्याच वस्तूंतून, इथल्याच मजुरांकडून झालं हे मुद्दाम सांगितलं.

माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे. आजोबांबरोबर गाडीने गेले. नेहरूंचं भाषण त्यांना फारसं आठवत नसे, गर्दीत ऐकूच आलं नाही म्हणायचे. आठवायचा तो दरवाजा. "आपल्याच डोंगरातला बांबू, पण ओळखू येईना," एवढं एकच वाक्य ते दर वेळी बोलायचे, आणि हाताने कमान काढून दाखवायचे. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या सभेतून माणूस दरवाजा तेवढा लक्षात ठेवून येतो, हे काय? आता वाटतं, बरोबर तेच लक्षात राहायला हवं होतं. ज्या बांबूची टोपली शेण उचलायला वापरतात, त्याच बांबूखालून काँग्रेसचा अध्यक्ष आत गेला. टोपली विणणाऱ्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार करा. भाषणात 'कारागिरांचा मान राखा' असं शंभरदा सांगून ते जमलं नसतं.

पण नुसता दरवाजा बघून पोट भरत नाही. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तू घ्यायच्या कुणी आणि कितीला, हा खरा प्रश्न. तो फैजपूरच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातमागाच्या जाड्याभरड्या कपड्यात गेले होते. टिळकांच्या काळात, १९०५ मध्ये, पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, ती सगळ्यांना ठाऊक आहे. मला होळीपेक्षा त्याच सुमाराचा पैसा फंड जास्त आवडतो. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. रुपयात तेव्हा चौसष्ट पैसे. म्हणजे चौसष्ट माणसं गाठावीत तेव्हा एक रुपया जमा. आमच्या काळच्या पिग्मी एजंटालाही घाम फुटेल असं हे काम. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, आणि तिथं काचकामाचं शिक्षणही देऊ लागले. जाळण्यात एक जोश असतो, मान्य. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घालायला काहीतरी लागतं. ते कुणीतरी बनवावं लागतं.

खादीने हेच काम घराघरात आणलं. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष होते. तिथं ठरलं की काँग्रेसच्या सभासदाने चार आणे वर्गणीऐवजी महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं. सरावलेला हात तासाला साधारण तीनशे वार कातेल, तर महिन्याचे सहा-सात तास. वर्षभरातच ते ऐच्छिक करावं लागलं, कारण पुढाऱ्यांना भाषण करणं सोपं आणि कातणं जड जात होतं. (आमच्या आजोबांचाही हिस्सा आजीच कातायची, ही घरची गुपित गोष्ट. सभासद आजोबा, सूत आजीचं.) १९२५ मध्ये चरखा संघ निघाला आणि खादी विकायची पद्धतशीर व्यवस्था झाली.

आणि मग १९३५ मध्ये आली ती गोष्ट, जी मला साऱ्या खादीच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कातणाऱ्या बाईला दिवसभराचे जेमतेम आणा-दोन आणे सुटायचे. खादी स्वस्त पडावी म्हणून तो दर तसाच ठेवला होता. गांधीजींनी विचारलं, हे स्वस्तपण कुणाच्या जिवावर? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. कार्यकर्ते घाबरले. भाव वाढला तर गिऱ्हाईक जाईल. आठ आण्यांपर्यंत कुणी पोचलं नाही, पण चरखा संघाने मजुरी वाढवण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शाखा त्यात पुढं होती. खादी महाग झाली. म्हणजे फैजपूरला जी खादी लोकांनी पाहिली, विकत घेतली, ती अशी मुद्दाम महाग केलेली होती!

धंद्याची पुस्तकं शिकलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं की खर्च कमी करा, मागणी वाढेल. इथं मजुरी वाढवून गिऱ्हाइकालाच सांगितलं जात होतं की बाबा, तुझ्या धोतराच्या किमतीत एका बाईची भाकरी आहे, ती मोज. या मंडळींमध्ये हिशेब पक्का असलेला एक माणूस होता, जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबनीस झालेले, मुंबईत ऑडिटची स्वतःची पेढी चालवलेले, पुढं अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं काम त्यांनी सांभाळलं. घाणीचं तेल, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशा, असलं सगळं. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यावर लिहिलेला आकडा नव्हे, ती कुणाला रोजगार देते नि कुणाचा काढून घेते तेही त्यात धरा, हे त्यांचं सांगणं. बँकेत असताना मी कुमारप्पा वाचले असते तर प्रोजेक्ट रिपोर्टांवर जरा वेगळ्या नजरेने सही केली असती असं वाटतं, पण त्या वेळी आमच्या ट्रेनिंगात हे नाव कुणी घेत नसे.

आता आपल्या बऱ्हाणपूरची अडचण. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये सतराव्या शतकात इथं आला, तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. मोमीन विणकरांची हातमागांची वस्ती त्यानंतरही टिकली. पण विसाव्या शतकात हे विणकर सूत घ्यायचे गिरणीचं. हातमाग हाताचा, सूत यंत्राचं, म्हणून ते कापड खादीत बसेना. एका बाजूला विलायती कापड, दुसऱ्या बाजूला खादीवाल्यांचा नियम, आणि मध्ये हा माणूस मागावर बसलेला. लालबागेत १९०६ मध्ये ताप्ती मिल निघाली तीही स्वदेशीच्या भर हंगामात. स्वदेशी खरी, पण तिचा धोटा वाजला की हातमागाचा आवाज कमी होणारच. मला हे सांगायला हवं, कारण आपण आठवणी लिहिताना सगळं गोड करतो. डोळसपणे खरेदी करायची म्हटली तरी एकाला धरताना दुसरा सुटतो. हातमाग नंतर पॉवरलूम झाले. ताप्ती मिलही २०२० च्या टाळेबंदीत थांबली.

जाता जाता एक योगायोग. फैजपूरला बांबूच्या दरवाजातून आत गेलेले नेहरू वीस वर्षांनी, १९५६ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या नेपानगरचा कागद कारखाना राष्ट्राला अर्पण करायला आले. वृत्तपत्राच्या कागदाचा देशातला पहिला कारखाना. त्याचा कच्चा माल काय, तर सालईचं लाकूड आणि बांबू! एकच डोंगर, एकच बांबू, एकदा कमान, एकदा लगदा. दोन्हींतून काही मिळालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. नेपाच्या पगारावर आमच्या कितीतरी नातेवाइकांची घरं उभी राहिली.

धूलकोटच्या हाटात मी लहान असताना बांबूकामवाल्यांची एक स्वतंत्र ओळ बसायची. टोपली, सूप, कणगी, कोंबड्या झाकायचं खुराडं, पाळणा. भगोरियाच्या हाटात तर पाय ठेवायला जागा नसायची. नोकरीत असताना, ऐंशीच्या दशकात, एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत मी अशा कारागिरांची कर्जप्रकरणं केली. याच भागात नव्हे, दुसऱ्या एका तालुक्यात. कर्ज बांबू घ्यायला, सबसिडी सरकारची. लोक फेड करायचे, पुष्कळ जण तर वेळेच्या आधी. अडलं ते विक्रीत. त्याच वर्षांत प्लॅस्टिकच्या बादल्या, घमेली, टब बाजारात आले. टोपली दोन पावसाळे टिकायची, टब पाच. गिऱ्हाइकाने टब घेतला. त्यात त्याचं काय चुकलं? गरिबाच्या घरात टिकणारी वस्तू हवीच. कारागिराला आम्ही भांडवल दिलं, गिऱ्हाईक कुणीच दिलं नाही. फैजपूरला नंदबाबूंनी नेमकं गिऱ्हाईक बनवलं होतं, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा. ते कर्जाच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात बसवायचं?

निवृत्तीनंतर घरी परतलो, आणि दोन वर्षांपूर्वी घरात एक तेराव्याचं जेवण निघालं. सहाशे पानांचा अंदाज. पुतण्याने शहरातून छापील कागदी ताटं आणायचं ठरवलं, दोन रुपयांना एक, एकूण बाराशे. मी म्हटलं, पळसाची पत्रावळ घेऊ. हाटात आदिवासी बायका बसतात, त्यांना विचारलं तर चार रुपये. चोवीसशे. पुतण्या म्हणाला, "काका, दुप्पट? आणि वरण ओघळतं ते वेगळंच." वरण ओघळतं हे खरं आहे, द्रोण लागतो.

मग मी त्या बायकांकडे बसून हिशेब केला. पानं आणायला एक दिवस, काड्या घालून टोचायला दोन. तीन दिवसांत एका बाईच्या दोनशे पत्रावळी, आठशे रुपये. रोजचे दोनशे सहासष्ट. रोजगार हमीच्या रोजाच्या आसपासच. त्यात फायदा असा काही नाहीच, आहे ती मजुरी. म्हणजे चार रुपये हा भाव महाग नव्हता, तो १९३५ मधल्या आठ आण्यांचाच भाऊ होता. तीन बायकांना तीन दिवसांचं काम. फरक बाराशे रुपयांचा. पुतण्याने त्याच वर्षी मुलाच्या साखरपुड्याला डीजे आणला होता, त्याचे अठरा हजार. हे मी त्याला बोललो नाही, वहिनी बोलल्या. पत्रावळी आल्या.

तेव्हापासून आमच्या आळीत आणखी चार-पाच घरांनी हेच केलं. काहींनी पुन्हा कागदी ताटं आणली, तेही सांगतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताट-पेल्यांवर देशभर बंदी आहे, पण हाटात जाऊन बघा. कायद्याने माल हलत नाही, गिऱ्हाइकाने हलतो.

तशीच झेंड्याची गोष्ट. आपला राष्ट्रध्वज हातकताईच्या, हातविणीच्या खादीचाच असावा असा नियम होता. नांदेडच्या खादी समितीत तो तयार होतो, हे आपल्या मराठवाड्याचं भूषण. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली आणि यंत्राचा, पॉलिस्टरचाही चालू लागला. पुढच्या ऑगस्टात पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा मिळत होता. मला तो बदल पटलेला नाही. पण आमच्या फळ्यातल्या झोपड्यांवर त्या वर्षी पहिल्यांदा झेंडे दिसले, तेही मी पाहिलं. खादीच्या झेंड्याला काही शे रुपये मोजणं त्यांना झेपलं नसतं. मी माझा खादीचाच लावतो. त्यांना तो पंचवीसचा लावू नका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याच्या खिशात जास्त, त्याने जास्तीची मजुरी भरावी. खादीचं गणितही मुळात तसंच होतं, असं मी समजतो.

फैजपूरजवळ खिरोद्याला धनाजी नानांच्या संस्थेचं ललित कला भवन आहे, चित्रकलेचं रीतसर शिक्षण देणारं. खेड्यात आर्ट कॉलेज, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना अजून नवल वाटतं. आणि आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात केळीच्या खोडाच्या धाग्यापासून बचत गटाच्या बायका टोप्या, पिशव्या, झुंबरं करायला लागल्या आहेत. घड कापल्यावर जे खोड बांधावर कुजत टाकायचं, त्यातून. मी दोन पिशव्या घेतल्या. एकीचा बंद तुटला. शिवून घेतला, वापरतोय. टोपी घेतली नाही, माझ्या डोक्यावर ती शोभेना असं घरातल्यांचं मत पडलं.

एक मागणं आहे. रावेर, सावदा, शहापूर, बऱ्हाणपूर, नेपानगर या पट्ट्यातल्या घरांतून फैजपूरला गेलेली माणसं असणारच. ती आता राहिली नाहीत, पण ट्रंकेच्या तळाशी खादी भांडाराची पावती, सुताची लडी, टिळकनगरचा एखादा फोटो, प्रदर्शनातून आणलेलं काही असेल तर बघा. पावती असेल तर तीवरचा भाव मला जरूर कळवा, वारासकट. आमच्या आजीची एक लडी आहे, पिवळी पडलेली. परवा नातवाने मोजायला घेतली तर मध्येच तुटली, पण गाठ मारून त्याने पुढं मोजली. चारशे वारांच्या पुढं गेलाय, अजून बरीच उरली आहे.